एका खेपेला एक

"जरा वर होते का हो ही फळी? मान अवघडली वाकून वाकून."

खिडकीबाहेरून आवाज आला आणि शिक्का मारायला उचललेला बाईंचा हात तसाच वर राहिला. आवाज खरखरीत झाला होता, मधेच धाप लागत होती. पण शेवटचा शब्द ओढून म्हणायची ती ढब बाई मेल्या तरी विसरल्या नसत्या.

"नाही होत," बाई म्हणाल्या. "जशी बसवली तशी बसवली."

बसवली कोणी, हे दोघांनाही ठाऊक होतं. वाहन नोंदणी कचेरीतली ही परराज्यातून आलेल्या गाड्यांची खिडकी कमरेच्या उंचीवर आहे. आत खुर्चीवर बसलेल्याला बाहेरच्याचे हात दिसतात, फाईल दिसते, शर्टाची खालची बटणं दिसतात. तोंड दाखवायचं असेल तर बाहेरच्यानं कमरेत वाकून मुंडकं आत घातलं पाहिजे. पूर्वी ही खिडकी चांगली छातीइतकी उंच होती. साहेबांनी सुतार बोलावून ती खाली आणवली. वाकून उभा राहिलेला माणूस फार वेळ वाद घालत नाही, असं ते म्हणत. आणि आता तेच साहेब, निवृत्त होऊन वर्षं लोटल्यावर, आपल्याच खिडकीपुढे ओणवे उभे होते. बाईंना आतून इतक्या गुदगुल्या झाल्या की त्यांना खोकल्याचं निमित्त करावं लागलं.

"अरेच्चा, तुम्ही!" साहेबांनी डोकं आत घातलं. केस पार गेले होते, एका डोळ्यावर साय आल्यासारखी दिसत होती. "अजून इथंच?"

"अजून इथंच."

"बरं झालं. ओळखीचं माणूस भेटलं." त्यांनी फाईल आत सरकवली. "मुलाकडे होतो इतके दिवस, तिकडच्या राज्यात. आता तो गेला परदेशात, सूनही गेली. आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी आलो परत आपल्या घरी. गाडी मुलानं दिली, तिचा नंबर तिकडचा. तो इकडचा करून घ्यायचा. आणि नियम मला सांगत बसू नका हं, सगळं लावूनच आणलंय."

गाडी परराज्यातून राहायला आली की तिचं नव्या नवरीसारखं असतं. माहेरानं सोडल्याचं लिहून द्यावं लागतं, सासरनं नाव बदलून घ्यावं लागतं, आणि मधल्या काळात ती धड इकडची नसते, धड तिकडची नसते. जुन्या कचेरीचा ना-हरकत दाखला लागतो. विम्याच्या कागदावर नवा पत्ता चढवून घ्यावा लागतो. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचं बँकेचं पत्र लागतं. चेसिसवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, कोरलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि ती छाप अर्जाला चिकटवतात. हे सगळं बाईंना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येत होतं. फाईल उघडल्याबरोबर त्यांना दिसलं की साहेबांनी सगळं लावलेलं नाही. ना-हरकत दाखला जुन्या कचेरीच्या नावानं होता. मधल्या काळात या कचेरीचे दोन भाग होऊन साहेबांच्या वस्तीसाठी वेगळी कचेरी झाली होती, तिची खिडकी अजून इथंच होती, पण कागदावर नाव नवं लागत होतं. साहेबांनी सवयीनं जुनंच नाव सांगितलं असणार. विम्याच्या कागदावर पत्ता तिकडचा. आणि नोंदणी पुस्तकात बँकेच्या कर्जाची नोंद तशीच, पत्राचा पत्ता नाही.

बाईंचा हात टेबलावरच्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याकडे गेला. या चिठ्ठ्यांपायी त्या सगळ्या कचेरीत ओळखल्या जात. कोणीही आलं, कितीही गर्दी असली, तरी बाई त्याचे सगळे कागद एकदाच नीट बघत आणि जे जे कमी असेल ते पाठकोऱ्या कागदाच्या तुकड्यावर एकाखाली एक लिहून देत. माणूस एकदा जाऊन सगळं गोळा करून यायचा आणि काम करून घरी जायचा. लोक त्यांना चिठ्ठीवाल्या बाई म्हणत. फाटकाजवळचे दलाल त्यांच्या नावानं बोटं मोडत, कारण लोकांचे हेलपाटे वाचले की दलालांची चूल थंड.

बाईंनी गठ्ठ्यावरून हात मागे घेतला.

"दाखल्यावर कचेरीचं नाव चुकलंय," त्या म्हणाल्या. "आपल्या भागाला आता नवं नाव आहे. दुरुस्त करून आणा."

"म्हणजे परत तिकडे जायचं?" साहेब चमकले. "टपालानं मागवतो ना."

"टपालानं आलेला चालत नाही. तुम्हीच बंद केलं होतं."

साहेब म्हणाले, "खरंय, मीच केलं होतं. बाकी सगळं ठीक?"

बाईंनी फाईल मिटली. "सध्या तरी एवढंच."

हात फाईल घेऊन मागे गेले. मागच्या टेबलावरून शिपाईमामा हे सगळं बघत होते. ते साहेबांच्या वेळेपासूनचे, त्यांना कागदातलं कळत नसे. पण बाईंचं सगळं कळे.

"बाई, म्हाताऱ्याला चिठ्ठी नाही दिलीत?"

"विसरले."

"तुम्ही?" शिपाईमामांनी डोळे मोठे केले. "तुम्ही विसरलात?"

"पुढचा," बाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी त्यांनी उरलेले शिक्के जरा जोरातच मारले.

संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांनी चपला काढायच्या आधी सासूबाईंना बातमी सांगितली. सासूबाई खिडकीशी बसून फाटक्या उशीला टाके घालत होत्या. दिसत नव्हतं फारसं, पण बोटांना सवय होती.

"आई, आज तो आला होता."

"कोण तो?"

"हेलपाटेसाहेब."

सासूबाईंची सुई थांबली. हे नाव या घरात जन्मलं होतं. त्यांच्या मुलानं, म्हणजे बाईंच्या नवऱ्यानं ठेवलं होतं ते. नवऱ्याचा टेम्पो होता, लोकांचं घरसामान वाहायचा तो. तिकडच्या राज्यात धंदा बसला म्हणून तिघं जणं इकडे राहायला आली. टेम्पोचा नंबर तिकडचा. तो बदलल्याखेरीज इकडे कोणी काम देईना, आणि रस्त्यावर निघालं की हवालदार शिट्टी मारायचा. नवरा या कचेरीत गेला. साहेबांनी फाईल बघितली आणि सांगितलं, पोलिसांचा दाखला नाही, घेऊन या. नवरा तिकडे गेला, घेऊन आला. मग साहेब म्हणाले, तिकडचा कर भरल्याची पावती कुठाय? नवरा परत गेला, परत आला. मग विम्यावरचा पत्ता. "साहेब, हे पहिल्याच वेळी नाही का सांगायचं?" असं नवऱ्यानं खिडकीत वाकून विचारलं होतं. साहेब म्हणाले होते, "एका खेपेला एकच दिसतं, बाबा." नवऱ्यानं घरी येऊन शेवटचा शब्द ओढून ओढून त्यांची नक्कल केली होती आणि तिघंही हसली होती. तेव्हा हसू येत होतं.

या तिसऱ्या खेपेला निघायच्या दिवशी पहाटे आधीची छाप पुसट झाली म्हणून त्यानं टेम्पोखाली शिरून चेसिस नंबरची नवी छाप घेतली. बोटं शिशानं काळी झाली. तशाच हातानं तो चहा प्यायला. बाईंनी विचारलं, "ही शेवटची खेप ना?" तो म्हणाला, "शेवटचीच." पांढऱ्या कपावर त्याच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला होता. तो गेल्यावर बाईंनी बाकीच्या भांड्यांबरोबर तो कपही घासून टाकला.

त्याच संध्याकाळी फोन आला. एका नाल्यावरच्या पुलाशी टेम्पो कठडा तोडून खाली गेला होता. झोप लागली असणार, असं सगळे म्हणाले. काम नव्हतं म्हणून सगळी धावपळ एकट्यानं, हाताखाली माणूस नाही, बोलायला कोणी नाही. विमा कंपनीनं कागद बघितले आणि हात वर केले: गाडी इतके दिवस दुसऱ्या राज्यात, नोंदणी झालेली नाही, पत्ता बदललेला नाही. ज्या कागदासाठी तो गेला होता, त्याच कागदापायी सगळं बुडालं.

पुढं बाईंनी कारकुनाची परीक्षा दिली आणि मुद्दाम हीच कचेरी मागून घेतली. त्यांना एकदाच, फक्त एकदाच, साहेबांपुढे उभं राहून विचारायचं होतं. पण नोकरीवर घर चालत होतं, आणि साहेबांच्या सहीवर नोकरी चालत होती. विचारू विचारू म्हणता साहेबांनी त्यांना काम शिकवलं. "सगळ्या चुका एका दमात सांगायच्या नाहीत," साहेब म्हणायचे. "एका खेपेला एक. मग माणसाला कचेरीची किंमत कळते." बाई मान डोलवायच्या. साहेब निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या गळ्यात हार घालायची वेळ बाईंवरच आली, आणि तो त्यांनी घातला. त्या रात्री घरी सासू-सून दोघी जेवल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून बाईंनी चिठ्ठ्या सुरू केल्या. लोकांना तो चांगुलपणा वाटायचा. बाईंना ठाऊक होतं, तो राग होता.

"मग?" सासूबाईंनी विचारलं. "काय केलंस?"

"परत पाठवला. एकच चूक सांगितली."

"किती आहेत?"

"पुष्कळ."

सासूबाईंनी उशी बाजूला ठेवली. त्या उठल्या, भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेल्या आणि ताट वाढून घेतलं. एरवी त्यांना दोन घास जा म्हणता जात नसत. आज त्यांनी मागून घेतलं.

"गोड लागलं गं जेवण," त्या म्हणाल्या.

त्यानंतर रोज संध्याकाळी बाईंच्या पायाचा आवाज आला की त्या आतूनच विचारायच्या, "आला होता का?" नाही म्हटलं की चेहरा उतरायचा. बाईंनाही कळत होतं की आपण खिडकीपुढल्या प्रत्येक हाताकडे त्याच आशेनं बघतोय. ती आशा वाईट होती, हे त्यांना मान्य होतं. पण इतक्या वर्षांत त्यांना दुसरी कसलीच आशा वाटली नव्हती, मग ही तरी का सोडायची?

साहेब दुसऱ्यांदा आले तेव्हा ऊन रणरणत होतं आणि रांग पायरीपर्यंत गेली होती. हात ओळखू येत होते आता. डाव्या करंगळीला अंगठी, नखं नीट कापलेली, आणि हातांना नवीनच एक थरथर. दाखला दुरुस्त होऊन आला होता.

बाईंनी तो उलटसुलट करून बघितला. "विम्याच्या कागदावर पत्ता तिकडचा आहे. ज्या शाखेतून काढलाय, तिथंच बदलून मिळेल."

"अहो, हे मागच्या वेळी दिसलं नाही?"

"एका खेपेला एकच दिसतं," बाई म्हणाल्या.

त्यांनी शेवटचा शब्द ओढला. मुद्दाम ओढला. बाईंना वाटलं, आता ओळखतील, आता मुंडकं आत येईल, आता विचारतील. पण साहेबांनी फक्त फाईल उचलली. जाताना त्यांनी खिडकीच्या फळीचा आधार घेतला, कंबर सरळ करायला वेळ लागला, आणि मागचा माणूस "चला आजोबा, चला" म्हणून घाई करू लागला. साहेबांना कोणी चला आजोबा म्हणतंय, हे ऐकून बाईंचं पोट भरलं.

तरी त्या रात्री त्यांना एक गोष्ट खटकली. सासूबाई म्हणाल्या, "तिसऱ्या खेपेला पाठव त्याला. आपला तिसऱ्या खेपेलाच गेला." म्हातारी हे शांतपणे म्हणाली, आणि मग तिनं उशीला पुढचा टाका घातला. बाईंनी दिवा घालवला.

साहेबांची तिसरी फेरी झाली तो दिवस ढगाळ होता. जेवणाच्या सुट्टीला थोडाच वेळ उरला होता. फाईल आत आली, तिच्या मागून हात आले. अंगठीतली करंगळी सुजली होती. शर्टाच्या बाहीवर चहाचा डाग होता. असला डाग साहेबांच्या कपड्यांवर बाईंनी उभ्या जन्मात बघितला नव्हता. विमा नव्या पत्त्याचा झाला होता.

बाईंनी नोंदणी पुस्तक उघडलं आणि कर्जाच्या ओळीवर बोट ठेवलं. खरं तर हे पत्र या गावातल्या शाखेतूनही मिळत होतं. कचेरीच्या समोरच त्या बँकेची पाटी होती. हे एका वाक्यात सांगता आलं असतं.

"बँकेचं पत्र नाही," त्या म्हणाल्या.

साहेबांनी मुंडकं आत घातलं. बाईंनी मनाची तयारी केली. साहेब चिडतील, ओरडतील, गयावया करतील, कदाचित रडतीलसुद्धा. यातलं काहीही चाललं असतं.

साहेब हसत होते.

"शाबास," ते म्हणाले. खरोखर कौतुकानं म्हणाले, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. "खरं सांगू का? मला वाटलं होतं, मी गेल्यावर या कचेरीत शिस्त उरली नसेल. ऐकत होतो, इथं कोणी बाई चिठ्ठ्या लिहून देतात, सगळं एकदम सांगून टाकतात. म्हटलं, गेलं सगळं पाण्यात. पण नाही. एका खेपेला एक! आणि आपल्याच जुन्या साहेबालाही सोडलं नाहीत. माझ्या हाताखाली शिकलेलं एक तरी माणूस वाया गेलं नाही म्हणायचं." आणि त्यांनी मागे वळून रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं, "या बाई माझ्या तयार केलेल्या बरं का!"

रांगेतल्या पहिल्या माणसानं आपली फाईल छातीशी धरली. "बाई," तो घाबऱ्या आवाजात म्हणाला, "मला पण परत पाठवणार का हो?"

बाईंनी सुट्टीची पाटी खिडकीत सरकवली आणि त्या उठल्या. कानशिलं तापली होती. त्यांना थप्पड चालली असती. ही शाबासकी नको होती. इतकी वर्षं ज्या माणसासारखं व्हायचं नाही म्हणून प्रत्येक चिठ्ठी लिहिली, त्यानं सगळ्यांदेखत पाठीवर हात ठेवून तुम्ही माझ्याच म्हणावं, आणि आपल्याला नाही म्हणायला तोंड उरू नये. मागच्या दारानं त्या आवारात आल्या, नळावर गेल्या आणि तोंडावर पाणी मारलं.

नळाशेजारीच परराज्याच्या नंबराची एक लहान निळी गाडी उभी होती. पुढचं दार उघडं होतं आणि आत एक म्हातारी बाई पाय बाहेर सोडून बसली होती. सुजलेले पाय, मांडीवर पाण्याची बाटली.

"ताई, तुम्ही आतल्या का हो?" तिनं विचारलं. "आमच्या यांचं काम झालं का? आज शेवटची खेप म्हणाले होते."

बाईंचा हात नळावरच राहिला.

"दर खेपेला तेच म्हणतात म्हणा," म्हातारी बोलत राहिली. तिला बोलायची हौस होती, किंवा सवय लागली होती. "यांच्या एका डोळ्यानं दिसत नाही. ऐकत नाहीत, म्हणतात मीच चालवणार. घाटात डोळा लागला तर काय करायचं? म्हणून मी शेजारी बसून बोलत राहते. तिकडे जायला निघाल्यापासून परत येईपर्यंत तोंड बंद नसतं माझं. बोलायचं संपलं की रस्त्यावरच्या पाट्या वाचते. इथं टायर मिळतील, इथं दवाखाना, इथं वळण. म्हणतात, गप्प बस गं. मी नाही गप्प बसत. मी गप्प बसले आणि यांना डुलकी लागली तर?"

बाई तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. नवऱ्याच्या टेम्पोत शेजारची जागा रिकामी होती. सासूबाईंना ताप होता म्हणून त्या दिवशी बाई घरी राहिल्या होत्या. नाहीतर त्या जाणारच होत्या. त्यांनीही पाट्या वाचल्या असत्या. सगळ्या वाचल्या असत्या, एकही सोडली नसती.

"शिपाईमामा!" त्यांनी हाक मारली. "पेन्सिल आणा. आणि पातळ कागद."

त्यांनी स्वतः गाडीचं बॉनेट उघडलं, रुमालानं धूळ पुसली आणि चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासायला सुरुवात केली. साहेबांनी घरून आणलेली छाप पुसट होती; चौथ्या खेपेसाठी तिचाच उपयोग करायचा असं बाईंनी ठरवून ठेवलं होतं. कागदावर एकेक आकडा पांढरा उमटू लागला आणि बाईंची बोटं काळी होऊ लागली. तेवढ्यात साहेब इमारतीला वळसा घालून आले.

"अहो, तुम्ही कशाला हे करता? शिपाई आहे ना."

"बँक समोरच आहे," बाई मान वर न करता म्हणाल्या. "पत्र तिथंच मिळेल, आजच मिळेल. घेऊन या, संध्याकाळच्या आत तुमचं काम होईल. या पत्रासाठी तिकडे जायची गरज नाही. हे तिन्ही कागद मला पहिल्याच दिवशी दिसले होते, तेव्हाच सांगितलं असतं तर तुमची एकच खेप झाली असती."

साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू अर्धवट राहिलं. "मग सांगितलं का नाही?"

"हेलपाटे घालायचे होते तुम्हाला. शिस्त वगैरे काही नाही. सूड होता." बाईंनी कागद उचलला, फुंकर मारली, बॉनेट लावलं. "माझा नवरा टेम्पो चालवायचा. असाच दुसऱ्या राज्यातून आला होता. तुम्ही त्याला पोलिसांच्या दाखल्याला पाठवलंत, मग पावतीला पाठवलंत, मग विम्याला. विम्याचा कागद आणायला गेला तो आलाच नाही. रस्त्यात झोप लागली त्याला."

साहेब उभे राहिले. बराच वेळ आठवायचा प्रयत्न करत होते, हे दिसत होतं. कपाळावरच्या शिरा ताणल्या होत्या.

"टेम्पोवाले पुष्कळ यायचे," शेवटी ते म्हणाले. "मला खरंच आठवत नाही हो."

"कसं आठवेल? तुम्हाला हातच दिसायचे."

"पण ते नियमात होतं," साहेब पुटपुटले. "जे मागितलं ते नियमातलंच मागितलं मी."

"नियमातलंच होतं. पण सगळं पहिल्या दिवशी दिसत होतं तुम्हाला."

बाईंनी या क्षणाची इतकी वर्षं वाट बघितली होती. आता त्यांना साहेबांच्या तोंडातून काहीही ऐकायचं नव्हतं. माफीसुद्धा नको होती.

गाडीतली म्हातारी सगळं ऐकत होती. तिनं बाईंकडे बघितलं, बाईंच्या बोटांकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं. पाण्याची बाटली उचलून ती हळूच गाडीतून उतरली. पुढचं दार लावलं. दाराला धरत धरत मागे गेली, मागचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. काच वर करून तिनं तोंड दुसरीकडे फिरवलं.

"अगं, पुढे ये ना," साहेब म्हणाले. "बँकेपर्यंतच जायचंय."

म्हातारी एक अक्षर बोलली नाही.

साहेबांनी बंद काचेवर टिचकी मारली, वाट बघितली, परत मारली. मग ते एकटेच पुढे बसले. गाडी सुरू करून त्यांनी ती फाटकाबाहेर काढली, अगदी सावकाश, एका डोळ्यानं दोन्ही बाजू बघत. शेजारची जागा रिकामी होती. बाई गाडी वळेपर्यंत बघत राहिल्या. सूड उगवला होता. कसा वाटतो, ते मात्र त्यांना अजून नीट कळत नव्हतं.

सुट्टी संपली. त्यांनी खिडकीतली पाटी काढली. तो घाबरलेला माणूस अजून पहिलाच उभा होता. बाईंनी त्याची फाईल घेतली, सगळे कागद बघितले, चिठ्ठी ओढली आणि जे जे कमी होतं ते एकाखाली एक लिहून दिलं. चिठ्ठीच्या कडेला काळं बोट उमटलं. मग खुर्चीतून उठून, वाकून, त्या छोट्या खिडकीतून त्यांनी बाहेर डोकावून त्याचं तोंड बघितलं. तरुण होता, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"रात्रभर चालवत आलास का रे?"

"हो, बाई."

"जाताना झोप काढून मग जा. कागद कुठं पळत नाहीत."

त्यानं मान डोलवली. बाईंनी पुढच्याची फाईल घेतली. अर्ध्या तासानं चहावाला कप ठेवून गेला. त्या एका हातानं शिक्के मारत राहिल्या आणि दुसऱ्या हातानं चहा प्यायल्या. संध्याकाळी सासूबाई विचारणारच होत्या, आला होता का, आणि आज काय सांगायचं याचा त्यांनी पुष्कळ विचार केला. चार वाजता साहेबांचं बँकेचं पत्र आलं. शिपाईमामांच्या हाती आलं, साहेब स्वतः आले नाहीत. बाईंनी ते फाईलला लावलं, छाप चिकटवली, सही केली.

कचेरी बंद व्हायच्या वेळी चहावाला कप गोळा करायला आला. बाईंच्या टेबलावरचा कप उचलून त्यानं बघितलं. पांढऱ्या कपावर काळा अंगठा उठला होता.

"घासून टाकतो, बाई. शिसं आहे, लगेच निघेल."

"राहू दे," बाई म्हणाल्या. त्यांनी कप त्याच्या हातातून काढून घेतला आणि जपून आपल्या पिशवीत ठेवला. "हा मी घरी नेते."